वाचलेला वेळ कोणाचा?

'पर्सनलाइज्ड' हा शब्द आता इतका अंगवळणी पडलाय की तो वाचताना आपण थांबतही नाही. रील्स पर्सनलाइज्ड, गाण्यांची यादी पर्सनलाइज्ड, जाहिराती तर मनातलं ऐकून आल्यासारख्या. हाच शब्द आता दवाखान्याच्या फिजिओथेरपी विभागात पोचलाय. लकवा मारलेला हात, ऑपरेशन झालेला गुडघा, पार्किन्सनने अडखळणारं पाऊल, यांना जो व्यायाम द्यायचा तो त्या-त्या माणसाच्या मापाने बेतून देणारी यंत्रं आली आहेत. समोर स्क्रीन असते किंवा डोळ्यांवर हेडसेट. हात उचलला की पडद्यावरचा फुगा फुटतो, वजन एका पायावर टाकलं की पडद्यावरची होडी वळते. जमलं तर पुढचा फुगा थोडा उंच, नाही जमलं तर थोडा खाली.

हे मुंबई-बंगळुरूपुरतं आहे असं समजू नका. वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) इथल्या रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालयातून व्हर्च्युअल रिॲलिटी वापरून केलेल्या उपचारांवर गेल्या काही वर्षांत केस रिपोर्ट आणि निबंध निघाले आहेत. म्हणजे ज्या जिल्ह्यात बसून गांधी यंत्रांविषयी आपलं म्हणणं मांडत होते, त्याच जिल्ह्यात आज माणसाचा हात बरा करायला हेडसेट वापरला जातोय. ही गंमत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ती दोन प्रश्न उभे करते, आणि दोन्ही नैतिक आहेत. पहिला: 'माझ्या मापाचं' आणि 'माझं' या दोन गोष्टी एकच आहेत का? दुसरा: यंत्रामुळे कोणाचा तरी वेळ वाचतो, तो वाचलेला वेळ कोणाच्या मालकीचा?

यंत्राला काय जमतं

आधी यंत्राची बाजू नीट ऐकू, कारण ती भक्कम आहे.

या प्रकारातली बरीच साधनं खेळांच्या दुनियेतून आली. निन्टेंडोचं वी २००६ साली बाजारात आलं, मायक्रोसॉफ्टचं काइनेक्ट २०१० साली. काइनेक्टचा कॅमेरा खोलीत न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकायचा आणि त्यांवरून समोरच्या माणसाचे सांधे कुठे आहेत ते हुडकायचा. लोक त्यावर नाचले, बॉक्सिंग खेळले. फिजिओथेरपिस्टांच्या मात्र लगेच लक्षात आलं की खांदा किती अंशात वळला हे हे यंत्र आपोआप मोजतंय. आज तेच काम तुमच्या खिशातला फोन करू शकतो. गुगलचं मीडियापाइप नावाचं सॉफ्टवेअर साध्या कॅमेऱ्यातून माणसाच्या शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतं. मग कोपर किती सरळ झालं, हात किती वेळात वर गेला, मध्येच किती थरथरला, सगळं आकड्यांत मिळतं. त्या आकड्यांवरून पुढची पायरी ठरते.

याचं महत्त्व कळायला एक गोष्ट माहीत हवी. लकव्यानंतर मेंदू हात नव्याने शिकतो तो पुन्हा पुन्हा करून. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला एकेका सत्रात शेकडो वेळा हालचाल करून घ्यावी लागली. माणसांच्या दवाखान्यात काय होतं? अमेरिका आणि कॅनडातल्या सात ठिकाणची ३१२ सत्रं संशोधकांनी बसून पाहिली आणि २००९ साली निष्कर्ष छापले. ज्या सत्रांत हाताच्या कामाच्या हालचालींचा सराव झाला, त्यांतही तो सरासरी ३२ वेळाच झाला होता. शेकडो हवेत आणि मिळतात बत्तीस. हे श्रीमंत देशांतलं चित्र. आपल्याकडे ज्या विभागात एका थेरपिस्टसमोर बाकावर रांग लागलेली असते, तिथे काय होत असेल याचा अंदाज बांधायला अभ्यासाची गरज नाही.

यंत्र इथे कामाला येतं. ते थकत नाही, पाचशेव्या वेळीही त्याला कंटाळा येत नाही. आणि खेळ असल्यामुळे रुग्णालाही थोडा कमी येतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी माहितीपत्रकात सहसा नसते. यंत्राला दया येत नाही. आजारी माणसाला सगळ्यात जास्त काय नकोसं होतं, तर आपल्याकडे बघणाऱ्यांचे चेहरे. घास तोंडापर्यंत नेताना सांडला की सुनेने पटकन पुसून घेणं, मुलाने 'राहू द्या बाबा, मी करतो' म्हणणं, शेजारणीने 'कसं होतं आणि कसं झालं' म्हणत उसासा टाकणं. हे सगळं प्रेमापोटी होतं आणि तरीही त्याने माणूस लहान होतो. हेडसेटच्या आत मात्र कोणी बघत नाही. तिथे दहा वेळा चुकता येतं. म्हातारपणी, चार माणसांत मान असलेल्या कोणाला पुन्हा बाळासारखं हात उचलायला शिकायचं असेल, तर हा आडोसा फार मोलाचा आहे. यंत्राच्या बेफिकिरीत एक सभ्यता आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

पत्ते, जेंगा आणि वी

तरीही इथे एक अडचण येते आणि ती संशोधनातूनच येते.

२०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त एव्हरेस्ट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतले, नुकताच लकवा होऊन गेलेले १४१ रुग्ण. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारासोबत वीवरचे खेळ दिले. उरलेल्यांना तितकाच वेळ साधी करमणूक: पत्ते, बिंगो, जेंगाचे लाकडी ठोकळे, चेंडू. दोन आठवडे, तासा-तासाची दहा सत्रं. शेवटी हाताची ताकद आणि चपळाई मोजली, तर दोन्ही गटांत फरक नव्हता. पत्त्यांनीही तेवढंच काम केलं होतं.

२०१७ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण एकत्र करून पाहिले. हाताच्या बाबतीत नेहमीचा व्यायाम काढून त्याच्या जागी व्हर्च्युअल रिॲलिटी ठेवली, तर विशेष फायदा दिसत नाही. नेहमीच्या व्यायामात तिची भर घातली, म्हणजे एकूण सराव वाढवला, तर दिसतो.

ही दोन वाक्यं नीट वाचा, कारण सगळा नैतिक प्रश्न त्यांत आहे. यंत्र 'च्या जागी' आलं तर हाती फारसं काही लागत नाही. यंत्र 'शिवाय' आलं तर लागतं. म्हणजे जादू हेडसेटमध्ये नसून त्या माणसाच्या वाट्याला आलेल्या जास्तीच्या वेळात आहे.

मग कोणी म्हणेल, यंत्र कशाला, घरचे आहेत की. आपल्याकडे माणसांची कमतरता थोडीच आहे? हाही प्रयोग होऊन गेलाय, आणि तो भारतातच झालाय. अटेंड नावाच्या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतले लकव्याचे १,२५० रुग्ण घेतले. अर्ध्यांच्या घरच्या माणसांना व्यायाम करून घ्यायचं शिक्षण दिलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू झालेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. २०१७ साली हे निष्कर्ष आले तेव्हा अनेकांची निराशा झाली, कारण स्वस्तातला उपाय म्हणून त्याकडे मोठ्या आशेने पाहिलं जात होतं.

यावरून घरचे कुचकामी ठरत नाहीत. पण 'घरचे बघतील' हे वाक्य आपण ज्या सहजतेने उच्चारतो, ती सहजता खोटी आहे. घरचे म्हणजे बहुतेक वेळा घरची बाई. सकाळी वावरात, दुपारी चुलीपाशी, आणि मधल्या वेळात तिने थेरपिस्ट व्हायचं. यंत्राने थेरपिस्टची जागा घ्यावी ही जशी पळवाट, तशीच सुनेने घ्यावी हीसुद्धा पळवाटच. दोन्हीकडे आपण एकच गोष्ट टाळतोय: या माणसाला वेळ द्यायची जबाबदारी कोणाची, हे ठरवणं.

माप घेणं आणि विचारणं

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. समजा, आर्वी तालुक्यातल्या एखाद्या गावात पंचावन्न वर्षांची एक बाई आहे. उजवा हात लकव्याने गेलाय, थोडा थोडा परत येतोय. आयुष्यभर तिने कापूस वेचला. विदर्भातला कापूस अजूनही हातानेच वेचला जातो, प्रामुख्याने बायकाच वेचतात, आणि मजुरी किलोवर मिळते. कमरेला ओटी बांधायची, उमललेल्या बोंडातून बोटांच्या चिमटीने सरकी-कापूस ओढायचा, बोंडाची वाळकी टोकं बोटांना टोचतात ती सोसायची, आणि दिवसभरात हे हजारो वेळा. तिची बोटं म्हणजे तिचं हत्यार.

तिला यंत्रासमोर बसवलं. यंत्राने तिचा खांदा मोजला, मनगट मोजलं, थकवा मोजला आणि तिच्यासाठी अगदी नेमका खेळ तयार केला: इतक्या उंचीवर, इतक्या वेगाने येणारे फुगे. तिच्यापेक्षा वेगळ्या माणसाला वेगळे फुगे. हे झालं मापाने बेतणं. शिंपी कापड कापतो तसं.

पण शिंपीसुद्धा माप घेण्याआधी एक प्रश्न विचारतो: काय शिवायचं? लग्नाला घालायचं की रोजचं?

हा प्रश्न यंत्र विचारत नाही. विचारलाच तर चार पर्यायांतून एक निवडायला सांगतं. आणि खरं सांगायचं तर घाईत असलेला माणूसही विचारत नाही. हात बरा व्हायला पाहिजे हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. कशासाठी, हे कोणी बोलत नाही. तिला विचारलं, "मावशी, हातानं आधी काय करता आलं पाहिजे?" तर ती कदाचित कापसाचं नाव घेणार नाही. ती म्हणेल, "माह्या लुगड्याच्या निऱ्या मले घालता आल्या पाहिजे." कारण रोज सकाळी सुनेने लुगडं नेसवून द्यायचं, हे तिला मजुरी बुडण्यापेक्षा जास्त लागतंय. किंवा म्हणेल, "नातीची वेणी घालाची हाय." किंवा काहीच म्हणणार नाही. "तुमी सांगान तसं," एवढंच.

या शेवटच्या उत्तरापाशी थांबायला हवं, कारण ते सगळ्यात जास्त वेळा मिळतं. ज्या माणसाला आयुष्यात कोणी 'तुला काय हवं' असं विचारलेलं नाही, त्याला एकदा विचारून उत्तर मिळत नाही. दुसऱ्यांदा विचारावं लागतं, तिसऱ्यांदा. मधे चहा प्यावा लागतो, पीकपाणी कसं आहे हे बोलावं लागतं. फीड आपल्याला ओळखते ती आपण कुठे थांबलो ते मोजून. तिला आपल्याला कुठे जायचंय हे विचारायची गरज पडत नाही. माणसाला ओळखण्याचा हा एक मार्ग झाला. पण ज्याचं शरीरच त्याच्या म्हणण्याप्रमाणे चालेनासं झालंय, त्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं काय आहे हे ऐकणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

समजा, एखाद्या हुशार मुलीने कापूस वेचण्याचा व्हर्च्युअल खेळ तयार केला. फुग्यांऐवजी बोंडं. हे फुग्यांपेक्षा नक्कीच बरं. ज्या कामाचा सराव करावा तेच काम सुधारतं हे फिजिओथेरपीतलं जुनं सूत्र आहे. पण त्यातही एक काटा आहे. आपण तिला कापूस वेचण्यापुरतीच बरी करतोय का? शेतमजूर बाईचं पुनर्वसन म्हणजे तिला पुन्हा मजुरीवर पाठवणं, आणि इंजिनिअरचं पुनर्वसन म्हणजे त्याला पुन्हा गिटार वाजवता येणं, असं तर आपण नकळत ठरवत नाही ना? तिला वेचणीवर परत जायचंच असेल, कारण हातात स्वतःचे पैसे हवेत, तर तो खेळ तिचा. नसेल, तर तो आपण तिच्यावर लादलेला. दोन्हीकडे सॉफ्टवेअर तेच असेल. फरक पडतो तो फक्त विचारण्याने.

परचुरे शास्त्री आणि न दुखणारे हात

वर्ध्यात बसून हातांबद्दल बोलायचं तर एक नाव टाळता येत नाही. दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात गांधींची आणि त्यांची ओळख होती. त्यांना कुष्ठरोग झाला होता. १९३९ साली ते सेवाग्रामला आले. गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधून घेतली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करायला सुरुवात केली. ज्या काळात कुष्ठरोग्याची सावली टाळायची, त्या काळात. ती परचुरे कुटी आजही सेवाग्रामला आहे.

ही गोष्ट आपण लहानपणापासून सेवेची गोष्ट म्हणून ऐकतो. मला तीत दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. परचुरे शास्त्री सेवाग्रामला येण्याच्या आधीपासून गांधी त्यांना ओळखत होते. त्यांच्यासमोर आलेला माणूस 'केस' म्हणून आलेला नव्हता. मालिश करणाऱ्या हातांना ठाऊक होतं की हे शरीर कोणाचं आहे.

पण या गोष्टीचा आधार घेऊन 'यंत्र नको, माणसाचा स्पर्श हवा' असं म्हणणं सोपं आणि चुकीचं आहे. प्रत्येक रुग्णाला गांधी मिळत नाही. जी व्यवस्था संतांवर चालते ती संत गेला की बंद पडते. हे वर्ध्यातल्याच लोकांना तेव्हाही कळत होतं. मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी १९३६ सालीच संस्था उभी केली होती, कारण कोणा एकाच्या मोठेपणाने भागण्यातलं हे काम नव्हतं. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. तिथे बोटं झडलेले हात शेतीत आणि मागावर कामाला लागले, ते स्वतःच्या वस्तू तयार करण्यासाठी.

कुष्ठरोगाच्या इतिहासातच या प्रश्नाचा आणखी एक धागा आहे, तो वेल्लोरला सापडतो. पॉल ब्रँड नावाच्या शल्यचिकित्सकाने तिथे दाखवून दिलं की कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. नसा बधिर झाल्यामुळे दुखत नाही, दुखत नाही म्हणून जपलं जात नाही, आणि भाजून, कापून, घासून ती झिजतात. पुढे अमेरिकेत काम करताना ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तांत्रिक उपाय शोधला. हातमोज्यांत सेन्सर बसवले. दाब धोक्याच्या पुढे गेला की इशारा वाजणार. आजच्या वेअरेबलचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही. प्रयोग फसला. आवाजाकडे रुग्ण दुर्लक्ष करत; विजेचा झटका लावून पाहिला तर एखादं काम उरकायचं असेल तेव्हा ते सरळ यंत्र बंद करत.

सेन्सर बरोबर होता, आकडा बरोबर होता, माणूसही मूर्ख नव्हता. पण तो इशारा बाहेरून येत होता. 'माझं बोट दुखतंय' आणि 'यंत्र म्हणतंय बोटाला धोका आहे' यांत जे अंतर आहे ते तंत्राने भरून निघालं नाही. आजच्या पर्सनलाइज्ड व्यायामाला हा धडा जसाच्या तसा लागू होतो. ॲप रोज सांगेल: आज ४० झाले, ६० बाकी. ध्येय आपलं असेल तर तो आकडा सोबती वाटतो, नाहीतर तो मास्तर वाटतो, आणि मास्तरला टाळायच्या युक्त्या आपण सगळेच लहानपणी शिकलेलो असतो.

सूत निघतं तेव्हा

१९३७ साली वर्ध्यात शिक्षणावर परिषद भरली आणि तिथून नई तालीम पुढे आली. हाताच्या उद्योगातून शिक्षण, ही तिची कल्पना. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. मुलांना मजूर बनवण्याचा डाव, असंही म्हटलं गेलं. तो वाद इथे नको. पण त्यातली एक गोष्ट पुनर्वसनाच्या कामी येते. टकळी फिरवणाऱ्या मुलाच्या हातात शेवटी सूत असतं. जाडंभरडं, गाठी पडलेलं, पण सूत. त्याने केलेल्या हालचालीचं काहीतरी जगात उरतं.

वैद्यकातही हा विचार वेगळ्या वाटेने आला. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं ते कमला निंबकर यांनी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली. जन्माने त्या अमेरिकन होत्या, लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या. या शास्त्राचा पायाच असा की व्यायाम हा माणसाला अर्थ असलेल्या कामातून व्हावा. नुसता हात वर-खाली करण्यापेक्षा फळीवरचा डबा काढण्यासाठी वर गेलेला हात वेगळा असतो, जरी कोन तोच असला तरी.

व्हर्च्युअल फुगा फुटतो आणि नाहीसा होतो. त्यात वाईट काही नाही. खेळ म्हणजे तेच असतं, आणि खेळायचा हक्क आजीलाही आहे. पण आठवड्यातून एकदा तरी त्या हाताने खऱ्या जगात काहीतरी उरायला हवं: एक निरी, एक वेणी, निवडलेली मूठभर डाळ. पडद्यावरच्या गुणांचं रूपांतर या गोष्टींत होतंय की नाही, हे पडद्याला दिसत नाही. ते कोणीतरी घरी येऊन, किंवा निदान फोन करून, विचारावं लागतं.

वेळेचा हिशेब

इथे एक रास्त आक्षेप येईल. हे सगळं ऐकायला छान आहे, पण आर्वी, आष्टी, कारंजाहून वर्ध्याला यायचं म्हणजे एका व्यायामाच्या सत्रापायी दिवस जातो. बसभाडं जातं, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. दोन-चार फेऱ्यांनंतर माणूस यायचा थांबतो आणि आखडलेला हात तसाच आखडून राहतो. अशा वेळी घरी फोनवर चालणारा खेळ मिळत असेल, तर 'आधी तिला विचारा' हे तत्त्वज्ञान कोणाला परवडतं? उपाशी माणसाला आवड विचारत बसू नये, भाकरी द्यावी.

आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर 'यंत्र नको' हे नाही. यंत्र घ्यावंच. गांधींचीही भूमिका सरसकट यंत्रविरोधाची नव्हती. १९२४ साली दिल्लीत झालेल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता आणि आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे हे स्पष्ट केलं होतं. वेळ आणि श्रम वाचावेत असं त्यांनाही वाटत होतं. त्यांचा प्रश्न होता की ते मूठभरांसाठी वाचणार की सगळ्यांसाठी.

तोच प्रश्न फिजिओथेरपी विभागात आणून ठेवू. एका थेरपिस्टला एका रुग्णामागे अर्धा तास लागत होता. मोजणं, करवून घेणं, नोंद ठेवणं हे आता यंत्र करतं. वीस मिनिटं वाचली. आता दोन शक्यता आहेत. एक, त्या वीस मिनिटांत आणखी दोन रुग्ण बसवायचे, विभागाचा आकडा वाढवायचा, आणि पुढच्या वर्षी एक थेरपिस्ट कमी भरायचा. दोन, त्या वीस मिनिटांतली काही मिनिटं त्या बाईसमोर बसून विचारायला वापरायची: मावशी, घरी काय जमलं? काय अडलं? काय करावंसं वाटतं?

दारात रांग असताना सगळी वीस मिनिटं एकीला द्यावीत असं म्हणणं बरोबर होणार नाही. रांगेतल्या माणसांचाही त्यावर हक्क आहे. पण तो वेळ विभागाचा नफा नाही. तो रुग्णांचा वेळ आहे. त्यांच्या आजाराच्या नावाने यंत्र आलं, त्यांच्या शरीरावर ते शिकलं, त्यांच्या हालचालींचे आकडे त्यात साठले. त्यातून जे वाचलं ते आधी त्यांच्याकडे परत गेलं पाहिजे. दयेपोटी नव्हे, देणं म्हणून. कॉक्रेनचा निष्कर्ष शेवटी हेच सांगतो: 'शिवाय' आलं तरच फायदा. जो हिशेब संशोधनाचा, तोच नीतीचा.

आणि विचारण्याची यंत्रणा वर्ध्याला अगदीच नवी नाही. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालं. तिथे प्रत्येक नवी बॅच एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी गावात राहून शिबिर करतात, घरं वाटून घेतात. म्हणजे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांनी ओसरीवर बसून लोकांचं ऐकायचं असतं, हे या जिल्ह्यात पन्नासहून अधिक वर्षं चालत आलेलं आहे. यंत्रांची खरेदी होते तेव्हा या सवयीलाही तेवढीच जागा मिळाली, तर दोघांचं जमू शकतं.

पुढच्या काही वर्षांत हे ॲप तुमच्या घरी येण्याची शक्यता बरीच आहे. आणि ते उघडून द्यायचं काम बहुधा तुमच्याकडेच येईल, कारण घरात फोन तुम्हालाच नीट कळतो. आजोबांसमोर फोन टेकवून ठेवायचा, कॅमेऱ्याची चौकट जुळवायची, 'हं, आता हात वर' म्हणायचं. एवढं केलं तरी मोठीच मदत. पण त्याआधी त्यांना एकदा विचारा, हात बरा झाला की पहिल्यांदा काय करायचंय. उत्तर लगेच मिळणार नाही. "बघू", "काय आता या वयात" असं काहीतरी येईल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. जे सांगतील ते कागदावर लिहून थेरपिस्टला दाखवा आणि म्हणा, व्यायाम यासाठी हवाय. आणि दवाखान्यात नवं यंत्र आलेलं दिसलं, तर हेही विचारा की त्यामुळे थेरपिस्टचा जो वेळ वाचतोय, त्यातला आमच्या आजोबांच्या वाट्याला किती येणार आहे.